लिंकन वकिलांचे दप्तर



या पानावर एरवी आम्ही बेणे, खते, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका खेडवळ वकिलाचे कागद कसे विखुरले, सव्वाशे-दीडशे वर्षांनी ते कसे शोधले गेले, त्यांत काय सापडले आणि ऊस पिकविणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यावे, हे आज सांगायचे आहे.

वकिलाचे नाव अब्राहम लिंकन. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, गुलामगिरी मोडण्याच्या लढ्यात त्यांनी देशाचे नेतृत्व केले आणि एप्रिल १८६५ मध्ये मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले, एवढे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. पण त्याआधी वीस-पंचवीस वर्षे हा माणूस गावोगावच्या कोर्टांत हिंडत होता आणि शेतकरी, दुकानदार, कारागीर यांचे दावे लढत होता. त्यातली आठ वर्षे तो राज्याच्या विधिमंडळातही होता. आमचा लेख त्या लिंकनविषयी आहे.

जमिनीच्या कागदापायी गाव सुटले

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात झाला. वडील थॉमस लिंकन शेतकरी. केंटकीत त्या काळी जमिनीची पद्धतशीर सरकारी मोजणी झालेली नव्हती. हे झाड, तो ओढा, अमका दगड अशा खुणा धरून लोकांनी हद्दी लिहून घेतल्या होत्या. झाड वठले की हद्द गेली! एकाच रानावर दोन-दोन मालक उभे राहत आणि कोर्टकज्ज्यांना ऊत येई. थॉमस लिंकन यांनी पैसे मोजून घेतलेल्या जमिनींच्या हक्कावरून एकामागून एक तंटे निघाले. अखेर १८१६ साली त्यांनी बिऱ्हाड उचलले आणि शेजारच्या इंडियाना राज्यात नेले. तिथे सरकारने मोजणी करूनच जमीन विकायला काढलेली होती. छोटा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा होता.

केंटकी का सोडले याचे कारण लिंकन यांनी १८६० साली स्वतःच लिहून ठेवले आहे. काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काच्या अडचणीमुळे. ज्याच्या घरात बांधावरून भावकी कोर्टात गेली आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

पोराचे सगळे शिक्षण मिळून वर्षभराचेही झाले नाही. १८३१ साली लिंकन इलिनॉयमधल्या न्यू सालेम या छोट्या वस्तीत आले. दुकानात काम केले, पोस्टमास्तरकी केली, आणि १८३३ पासून काउंटीचे उपमोजणीदार म्हणून साखळी व होकायंत्र घेऊन लोकांची राने मोजली. १८३२ ला विधिमंडळाची निवडणूक लढवून हरले, १८३४ ला निवडून आले. मग उसनी पुस्तके आणून कायदा वाचला आणि १८३६ साली वकिलीचा परवाना मिळवला. बापाचे गाव ज्या गोष्टीपायी सुटले, ती गोष्ट मुलाने आधी साखळीने आणि मग कायद्याने शिकून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

फिरते कोर्ट

१८३७ पासून लिंकन स्प्रिंगफील्ड गावी राहू लागले. पण नुसत्या एका गावच्या कामावर वकिलाचे पोट भरत नसे. तेथे एकेका न्यायाधीशाकडे अनेक काउंट्या असत. काउंटी म्हणजे कारभाराने जिल्हा, पण आकाराने आपल्या तालुक्याच्या घरात जाईल अशी. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, न्यायाधीश एका काउंटीतून दुसरीत जात आणि वकील मंडळी त्यांच्याबरोबर निघत. लिंकन ज्या आठव्या मंडळात फिरत, त्यात एके काळी चौदा काउंट्या होत्या. घोड्यावरून किंवा छकड्यातून चिखल तुडवीत जायचे, खाणावळीत एका बिछान्यावर दोघा-दोघांनी झोपायचे, आणि सकाळी कोर्टाच्या दारात पक्षकार गाठायचा. फी पाच-दहा डॉलर.

दावे कसले? सर्वांत मोठा हिस्सा देण्याघेण्याच्या दाव्यांचा. चलनी नाणे दुर्मिळ, त्यामुळे सगळा व्यवहार वचनचिठ्ठ्यांवर चाले. सहा महिन्यांनी इतके देईन म्हणून चिठ्ठी लिहायची आणि ती या हातातून त्या हातात फिरायची. मुदत भरली की तंटा. त्याखेरीज जमिनीच्या वाटण्या, हद्दी, घोड्याच्या विक्रीतली फसवणूक, बदनामी, काडीमोड. नावे बदला, आणि आपल्याच तालुक्याच्या कोर्टाचा बोर्ड वाचतो आहोत असे वाटेल.

वकील असूनही लिंकन यांचे एक मत आपल्या म्हणींना धरून होते. १८५० च्या सुमारास तरुण वकिलांसाठी त्यांनी काही टिपणे केली. त्यांत ते म्हणतात की होता होईतो दावा टाळावा, शेजाऱ्यांना तडजोडीला लावावे; जिंकणारासुद्धा खर्च आणि वेळ यांच्या हिशेबात पुष्कळदा हरलेलाच असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या आजोबांनी सांगितले तेच. दुसरी शिकवण उद्योगाची. आज होण्यासारखे काम उद्यावर टाकू नये.

एक खटला मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो पंचांगावर फिरला. १८५८ साली बिअर्डस्टाउन येथे डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला. तो न्यू सालेमच्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा. साक्षीदार म्हणाला, २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री अकराच्या सुमारास चंद्र माथ्यावर होता, चांदण्यात मी सगळे पाहिले. लिंकन यांनी ते पुन्हा पुन्हा त्याच्याकडून वदवून घेतले, मग त्या सालचे पंचांग कोर्टापुढे ठेवले. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता! आरोपी सुटला. तोंडाची साक्ष एकीकडे आणि दोन आण्यांचे छापील पान दुसरीकडे, असा तो मामला.

टोपी हेच कपाट

इतके कागद हाताळणाऱ्या माणसाचे दप्तर टापटिपीचे असेल असे कुणालाही वाटेल. तसे मुळीच नव्हते. त्यांची उंच काळी टोपी प्रसिद्ध आहे. त्या टोपीच्या आत ते पत्रे, टिपणे, चेक ठेवीत. १८५० साली एकाच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले, तेव्हा त्यांनी माफी मागताना कारण दिले ते असे: पत्र आले ते जुन्या टोपीत ठेवले, दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि पत्रही नजरेआड झाले. कचेरीत कागदांचा एक गठ्ठा होता. त्यावर त्यांनीच लिहून ठेवले होते की दुसरीकडे कुठे सापडले नाही तर यात पाहावे. भागीदार हर्नडन यांनी या आठवणी सांगितल्या आहेत. आमच्या सभासदांच्या घरी हा गठ्ठा बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली असतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की थोर माणसाचेही कागद आपोआप टिकत नाहीत.

कागद कुठे गेले

लिंकन गेल्यावर अध्यक्षीय कार्यालयातले कागद पेट्यांत भरून इलिनॉयमध्ये न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांच्या देखरेखीखाली ठेवले गेले. हे डेव्हिस म्हणजे त्या आठव्या मंडळाचेच न्यायाधीश. पुढे थोरले चिरंजीव रॉबर्ट लिंकन यांनी ते कागद सांभाळले. १९१९ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात ठेवले आणि १९२३ च्या दानपत्रात अट घातली की आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कुणी उघडू नयेत. रॉबर्ट २६ जुलै १९२६ रोजी वारले. म्हणून २६ जुलै १९४७ ची मध्यरात्र उलटताच, आपल्या स्वातंत्र्याला वीस दिवस उरले असताना, ती कपाटे उघडली. अभ्यासक रात्र जागवून बसले होते. खुनाच्या कटात मोठमोठी माणसे होती, त्यांचे पुरावे आत आहेत, अशा वावड्या वर्षानुवर्षे उठलेल्या. आत तसले काही निघाले नाही. निघाला तो कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाचा पत्रव्यवहार. वर्षानुवर्षे पारावर चघळलेली गोष्ट कागद उघडताच एका रात्रीत निवते, ती अशी.

पण वकिलीचे कागद त्या कपाटांत नव्हतेच म्हटले तरी चालेल. ते इलिनॉयच्या कोर्टांत विखुरलेले होते. अर्ज, कैफियती, जबाब लिंकन स्वहस्ते लिहीत आणि ते कोर्टाच्या दप्तरात जात. माणूस मोठा झाला आणि त्याच्या अक्षराला मोल आले. हर्नडन यांनी आठवण म्हणून मागणाऱ्यांना कागद वाटले. कोर्टांतून कागद नाहीसे झाले. काहींनी तर तळची सही तेवढी कापून नेली आणि कागद मागे ठेवला. १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीत तिथल्या कोर्टांची दप्तरे जळाली, त्यांत लिंकन यांच्या दाव्यांचे कागदही गेले. चोरी, हौस आणि आग! वाळवी तेवढी राहिली.

घड्या उलगडल्या

१८८९ साली हर्नडन यांचे चरित्र निघाले आणि त्यानंतर पुष्कळ चरित्रे झाली, पण वकिलीविषयी बहुतेक सगळा भरणा आठवणींचा आणि आख्यायिकांचा. १९८५ साली स्प्रिंगफील्डमध्ये एक काम हाती घेतले गेले. लिंकन यांच्या वकिलीचा मिळेल तो प्रत्येक कागद शोधायचा, त्याची नक्कल घ्यायची आणि दाव्यागणिक लावायचा. इलिनॉयमध्ये १०२ काउंट्या. तिथल्या कोर्टांची तळघरे, माळे आणि तिजोऱ्या धुंडाळल्या गेल्या. शंभर-दीडशे वर्षे घडी न मोडलेले कागद उलगडले गेले. काही कागदांवर लिंकन यांचे नावही नव्हते, अक्षरावरून ओळखायचे. पंधरा वर्षांच्या कष्टानंतर २००० साली हे सगळे संगणकाच्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाले आणि २००९ पासून ते कुणालाही घरबसल्या पाहता येते. पाच हजारांहून अधिक दावे आणि ९६ हजारांहून अधिक कागद!

यातून निघाले काय? आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही, की लिंकनबरोबर हजारो साधी माणसे वर आली. कुणी किती डॉलरला घोडा घेतला, कुणाच्या चिठ्ठीला कोण जामीन राहिले, कुठल्या विधवेने वाटणी मागितली. एरवी या माणसांची नावे कुणाच्याही तोंडी उरली नसती. वकिलाच्या दप्तरामुळे ती शाबूत राहिली.

बाजूचे आणि विरुद्धचेही

दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. कागद कुणाची भीड धरत नाही, देवमाणसाचीही नाही.

१८४१ सालचा एक दावा पाहा. नॅन्स नावाच्या काळ्या स्त्रीचा सौदा झाला होता आणि तिच्या किमतीबद्दल एकाने वचनचिठ्ठी लिहून दिली होती. पैसे दिले नाहीत म्हणून दावा झाला. लिंकन चिठ्ठी लिहून देणाऱ्याच्या बाजूने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. त्यांचे म्हणणे, इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच धरला पाहिजे, आणि स्वतंत्र माणसाची विक्री होत नाही, म्हणून चिठ्ठीच फुकाची. न्यायालयाने ते मानले. नॅन्सचे स्वातंत्र्य त्यामुळे पक्के झाले. हा कागद लिंकन यांच्या कीर्तीला शोभतो.

आता १८४७ चा दावा पाहा. केंटकीच्या मॅटसन नावाच्या मालकाने आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर कामाला आणले होते. जेन ब्रायंट ही बाई आपली मुले घेऊन त्यांच्यापासून निसटली. या दाव्यात लिंकन मालकाच्या बाजूने उभे होते! ते हरले आणि मायलेकरे सुटली. हा कागद शोभत नाही, पण आहे. तो फाडला असता तर आपल्याला अर्धाच लिंकन मिळाला असता.

पैशाच्या बाबतीतही तेच. गरिबाचा वकील एवढेच चित्र आपल्यापुढे असते, पण त्यांची सर्वांत मोठी फी, पाच हजार डॉलर, इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीकडून आली. काउंटीने लावलेल्या कराविरुद्ध १८५६ साली त्यांनी कंपनीला जिंकून दिले होते. कंपनी फी देईना, तेव्हा १८५७ मध्ये तिच्यावरच दावा लावून वसूल केली. इतर दाव्यांत ते रेल्वे कंपन्यांच्या विरुद्धही उभे राहिले.

राजकारणातल्या नोंदीही तशाच दोन्ही अंगांच्या. १८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने रेल्वे, कालवे, रस्ते यांची सुमारे एक कोटी डॉलरची योजना कर्ज काढून उभारायचे ठरवले. लिंकन तिचे खंदे समर्थक. त्याच वर्षी देशात मंदी आली, कामे अर्धवट पडली आणि राज्य कर्जात बुडाले. कोण कुठल्या बाजूने मत देत होता हे सभागृहाच्या नोंदवहीत आहे. संस्थेने कर्ज काढून प्रकल्प उभारायचा ठराव येतो, तेव्हा सभासदांनी ही गोष्ट आठवावी. प्रकल्प नको असे आम्ही म्हणत नाही. पण कोण काय म्हणाले ते लिहिलेले असावे.

दोन सह्यांचा निषेध

त्याच विधिमंडळातला एक छोटा कागद आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. १८३७ च्या आरंभी सभागृहाने गुलामगिरीविरोधी चळवळ्यांचा धिक्कार करणारे ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केले. लिंकन यांनी विरोधात मत दिले. तेवढ्यावर न थांबता ३ मार्च १८३७ रोजी त्यांनी आणि डॅन स्टोन या एका सहकाऱ्याने लेखी निषेध कामकाजात नोंदवून घेतला. चळवळ्यांच्या मार्गाशी ते सहमत नव्हते, तेही त्यात लिहिले. पण गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे, असे स्वच्छ म्हटले. सह्या दोनच. वय वर्षे अठ्ठावीस. त्या दिवशी त्या निषेधाने काडीचाही फरक पडला नाही.

तेवीस वर्षांनी, १८६० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी आपली हकिगत लिहून देताना लिंकन यांनी तोच कागद दाखवला आणि गुलामगिरीबाबत आपली भूमिका तेव्हाही हीच होती, असे नमूद केले. बोललेले वाऱ्यावर गेले असते. लिहिलेले तेवीस वर्षे वाट पाहत थांबले.

आपल्या वार्षिक सभेत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मंजूर, मंजूर म्हणून हात वर होतात आणि विरोधाची बोलणी जेवणाच्या पंगतीत सुरू होतात. ज्याला ठराव पटला नाही त्याने सभेतच उभे राहून, सभ्य शब्दांत, आपला विरोध इतिवृत्तात घ्यायला लावावा. निर्णय त्या दिवशी बदलणार नाही. पण पुढे कुणी विचारले तर दाखवायला कागद राहील.

शाळेतले ते पत्र

आता थोडे जपून लिहितो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे. लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून एक पत्र महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत चौकटीत लावलेले आहे. आमच्याही पिढीने ते वाचले, पाठ केले, भाषणांत म्हटले. लिंकन यांचे समग्र लेखन १९५३ साली आठ खंडांत प्रसिद्ध झाले. त्या खंडांत हे पत्र नाही. अभ्यासक ते लिंकन यांचे मानत नाहीत.

म्हणून भिंतीवरची चौकट उतरवा असे आम्ही सांगणार नाही. त्यातला उपदेश चांगला आहे, आणि चांगला उपदेश कुणाचाही घ्यावा. मात्र कागदाविना चाललेली गोष्ट कितीही गोड असली तरी तिच्याखाली सही कुणाची ते विचारायला पोरांनी शिकले पाहिजे. लिंकन स्वतः कोर्टात हेच विचारीत असत.

आपले दप्तर

बंधु-भगिनींनो, लिंकन यांच्या कागदांसाठी पंधरा वर्षे खपणारी माणसे मिळाली. आपल्या ट्रंकेतले कागद शोधायला अशी कुणी येणार नाहीत. ते आपणच लावायचे.

गट ऑफिसात दर हंगामात आम्ही पाहतो. लागण केली जूनमध्ये, नोंद करायची राहिली. मग तोडणीचा क्रम मागे पडतो आणि आडसाली ऊस तुऱ्यावर येतो. वजनकाट्याची पावती खिशात राहते, धोतराबरोबर धुतली जाते, आणि बिल निघाल्यावर टनांत फरक वाटला तर दाखवायला हाती काही नसते. सभासद वारतो, वारसाची नोंद कधी केलेलीच नसते, आणि भागदाखल्यासाठी त्याची बायको वर्षभर हेलपाटे घालते. यात कुणाची लबाडी असतेच असे नाही. कागद नसतो, एवढेच.

तेव्हा घरात एक फाईल करा. त्यात सात-बारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे, लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदीची पोच, प्रत्येक खेपेची काट्याची पावती, बिलाची पट्टी, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, भागदाखला आणि वारसाच्या नामनिर्देशनाची प्रत. आता मोबाइलवर फोटोही काढता येतो, तो काढावा, पण मूळ कागद टाकू नये. मोबाइल म्हणजे आजची टोपीच. नवा घेतला की जुन्यातले गेले. बायकोला आणि मुलामुलींना फाईलची जागा माहीत असू द्या.

आणि संस्थेचे कागदही आपलेच आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभेचे इतिवृत्त, शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. तो हक्क भांडणाच्या दिवशीच आठवावा असे नाही. एरवीही येऊन पाहावे, विचारावे. पाहणारा सभासद असला की लिहिणाराही नीट लिहितो.

आडसाली लागणीच्या नोंदी गट ऑफिसात सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यातच यावे. येताना सात-बारा आणावा, नोंद झाल्याची पोच मागून घ्यावी, आणि घरी गेल्याबरोबर ती फाईलला लावावी.